दार लावणारा माणूस

मंडळी, चंद्रावर पहिलं पाऊल कोणी टाकलं हे आपल्या मुलांना किंडरगार्टनपासून पाठ असतं. दुसरं कोणी टाकलं हेही पुष्कळांना सांगता येतं. वर यानातच फिरत राहिलेला तिसरा कोण, असं विचारलं की मंडळाच्या प्रश्नमंजूषेत निम्मे हात खाली जातात. आणि त्या तिघांना यानात बसवून, पट्टे आवळून, बाहेरून दार लावणारा माणूस कोण होता, असं विचारलं तर एकही हात वर राहत नाही.

आपल्या सदराचं नावच ‘नट-बोल्ट’ आहे. त्यामुळे आज ना उद्या या माणसाकडे यावं लागणारच होतं. त्याचं नाव गुंटर वेंट. जन्म २८ ऑगस्ट १९२३, बर्लिन. मृत्यू ३ मे २०१०, फ्लॉरिडातलं मेरिट आयलंड, वय ८६. १९६१ साली ॲलन शेपर्ड हा पहिला अमेरिकन अंतराळात गेला. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं, मधला एक छोटा पण फार महागात पडलेला खंड सोडला, तर केप कॅनाव्हेरलहून वर जाणाऱ्या अंतराळवीरांना जमिनीवरचा शेवटचा चेहरा दिसे तो गुंटरचा. सडपातळ बांधा, जाड चष्मा, बो टाय, वर पांढरा कोट आणि पांढरी टोपी. आपल्याकडे पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची पद्धत आहे ना, तसा हा अमेरिकेतर्फे पोचवायला येणारा. फरक इतकाच, की हे दार जमिनीपासून खूप उंचावर होतं, आणि ते नीट लागलं नाही तर पाहुणा परत येणार नव्हता.

त्याचा हुद्दा ‘पॅड लीडर’. रॉकेटच्या टोकाशी, यानाच्या दाराला लागून एक छोटी स्वच्छ खोली असे, तिला ‘व्हाइट रूम’ म्हणत. तिथली टेक्निशियन मंडळी गुंटरच्या हाताखाली. यान पुरवणाऱ्या कंपनीचा तो नोकर, नासाचा नव्हे. पण त्या खोलीत त्याच्या परवानगीशिवाय कोणी एका स्क्रूलाही हात लावायचा नाही, असा कडक नियम. एकदा एका इंजिनियरने त्याचं न ऐकता काहीतरी बदल करायचा हट्ट धरला. गुंटरने वाद घातला नाही. सिक्युरिटीला बोलावलं आणि त्या इंजिनियरला खोलीबाहेर काढलं. मी स्वतः मास्टर्स करून आलेला इंजिनियर असल्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या इंजिनियरची थोडी दया आली. आता वीस वर्षं कारखान्यात काढल्यावर येत नाही.

इमिग्रंट गुंटर

आता आपल्या मंडळींना जवळचा वाटेल असा भाग. गुंटर दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदलात फ्लाइट इंजिनियर होता, रात्री उडणाऱ्या लढाऊ विमानांवर. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हिटलरच्या सैन्यात त्याने नोकरी केली आणि ज्या देशाविरुद्ध केली त्याच देशात पुढे घर केलं. युद्ध संपलं तेव्हा तो जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा. बर्लिन उद्ध्वस्त, काम नाही. १९४९ साली तो अमेरिकेत आला. वडील आधीच मिसूरीत सेंट लुईसला होते, त्यांच्याकडे. गावात मॅकडॉनल ही विमान कंपनी. विमानाच्या कामात मुरलेला हा माणूस त्यांना हवाही होता. पण कंपनीकडे नौदलाची कंत्राटं. नागरिक नसलेल्याला, त्यातून कालपरवापर्यंत शत्रू असलेल्या देशाच्या माणसाला, आत घेणार कसं?

मग गुंटरने काय केलं, तर ट्रक दुरुस्तीच्या शॉपमध्ये नोकरी धरली. ट्रकला त्यापूर्वी त्याने हात लावला नव्हता. वर्षभरात तो त्या शॉपचा सुपरवायझर झाला. १९५५ साली नागरिकत्व मिळालं आणि लगेच तो मॅकडॉनलमध्ये रुजू झाला.

म्हणजे १९४९ ते १९५५, सहा वर्षं. आपल्यातल्या ज्यांनी ग्रीनकार्डची वाट पाहिली आहे, त्यांना सहा वर्षं या शब्दाची लांबी वेगळी सांगायला नको. माझ्या युनिव्हर्सिटीत माझ्याबरोबर पुण्याचा एक मुलगा होता. डोक्यात रॉकेटशिवाय दुसरं काही नाही. प्रोफेसरांचा लाडका. डिग्री झाल्यावर एका मोठ्या कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलं. पहिली दहा मिनिटं फार छान गेली. अकराव्या मिनिटाला त्यांनी व्हिसा विचारला, आणि चहा संपायच्या आत मुलाखत संपली. यात त्या मुलाखत घेणाऱ्याचा दोष नव्हता. रॉकेटचं तंत्रज्ञान म्हणजे शस्त्राचं तंत्रज्ञान, असं इथला कायदा मानतो. आमचा मित्र मग वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत गेला. कपडे पिळताना मशीन थरथरू नये यासाठी जी गणितं लागतात, ती रॉकेटच्या थरथरण्याच्या गणितांची चुलत भावंडंच आहेत, असं तो हसून सांगतो. हसणं खरं असतं, पण पूर्ण खरं नसतं. कल्पना चावला १९८२ मध्ये टेक्सासला शिकायला आली आणि १९९१ मध्ये नागरिक झाली, तेव्हा कुठे तिला अंतराळवीरांच्या निवडीचं दार उघडलं. दारं लावणारी माणसं असतात, तशी उघडायची वाट पाहणारीही असतात.

सत्तर बोल्ट आणि एक टोपण

टेक्निशियनचं काम म्हणजे नेमकं काय, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांत नीटसं माहीत नसतं. ‘तो काय, मेकॅनिक आहे,’ एवढ्यावर विषय संपतो. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली २१ जुलै १९६१ ची. गस ग्रिसम हा दुसरा अमेरिकन अंतराळात निघाला होता. त्याच्या ‘लिबर्टी बेल ७’ यानाचं दार सत्तर बोल्टांनी बसवलेलं. उड्डाणाला पाऊण तास असताना एका टेक्निशियनला दिसलं, की सत्तरातला एक बोल्ट तिरका बसला आहे. बघा, सगळं जग डोळे लावून बसलेलं, आत माणूस आडवा पडलेला, घड्याळ उलटं चाललेलं. आणि एक जण म्हणतो, थांबा, हा एक सरळ नाही. घड्याळ अर्धा तास थांबवलं. इंजिनियरांनी विचार करून ठरवलं की उरलेले एकोणसत्तर पुरे आहेत. यान गेलं. निर्णय इंजिनियरांचा, पण निर्णय घ्यायला काहीतरी आहे, हे कोणाला दिसलं? ज्याचा हात त्या बोल्टावर होता त्याला.

दुसरी १२ डिसेंबर १९६५ ची, ‘जेमिनी ६’ ची. वॉली शिर्रा आणि टॉम स्टॅफर्ड आत बसलेले. इंजिन पेटलं आणि सेकंदभरात आपोआप बंद पडलं. खालचा एक विजेचा प्लग वेळेआधी निसटला होता. शिर्राने डोकं शांत ठेवलं, यानाबाहेर फेकणारी दोरी ओढली नाही, आणि दोघं सुखरूप उतरले. पण नंतर तपासणी करताना आणखी एक गोष्ट सापडली. इंजिनाच्या आत, धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यात लावलेलं प्लॅस्टिकचं एक टोपण तसंच राहून गेलं होतं. प्लग निसटला नसता तरी त्या टोपणापायी इंजिन बंद पडणारच होतं. कोट्यवधी डॉलरचं रॉकेट आणि लोणच्याच्या बाटलीला लावावं तसलं टोपण! तीन दिवसांत सगळं दुरुस्त होऊन १५ डिसेंबरला यान गेलं आणि आधीच वर फिरत असलेल्या ‘जेमिनी ७’ ला जाऊन भेटलं.

माझा एक मामा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्याच्या अंगठ्याच्या पेराला घट्टा पडला होता. बोल्ट आवळला की तो डोळे मिटून जोडावरून अंगठा फिरवायचा. आम्ही पोरं हसायचो. ‘डोळ्याला जे दिसत नाही ते अंगठ्याला कळतं,’ असं तो म्हणायचा. घरात लग्नकार्याच्या याद्या होत, त्यात इंजिनियर काकांचं नाव वर आणि मामाचं खाली असे. मामाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण तो रोज ज्या डब्यांचे जोड तपासायचा, त्याच डब्यांत आम्ही सगळे काकांसकट बसून सुट्टीला गावी जायचो.

जॉन ग्लेनच्या बायकोला दिलेलं वचन

गुंटरच्या आयुष्यातली मला सगळ्यांत मोठी वाटणारी गोष्ट कुठल्या यंत्राची नाही. १९६२ च्या सुरुवातीला जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फेऱ्या मारायला निघायचा होता. उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे जात होतं. आज हवामान, उद्या टाकीची गळती. घरी त्याची पत्नी ॲनी, दोन मुलं, दाराबाहेर पत्रकारांची जत्रा. ॲनीचा जीव टांगणीला लागला होता. गुंटर तिच्याशी बोलला.

‘काही काळजी करू नका, सगळं व्यवस्थित होईल,’ असं तो म्हणाला नाही. तुमचा नवरा सुखरूप परत येईल अशी हमी मी देऊ शकत नाही, ती दिली तर ते खोटं ठरेल, असं त्याने तिला सरळ सांगितलं. यंत्रं फार आहेत, अशी हमी कोणीच देऊ शकणार नाही. मात्र एका गोष्टीची हमी देतो: यान जमिनीवरून सुटेल तेव्हा ते जितकं चांगलं करता येणं शक्य आहे तितकं चांगलं असेल. उद्या काही वाईट झालंच, तर मला तुमच्यासमोर येऊन, तुमच्या डोळ्यांत बघून, आम्ही आमच्याकडून काही कमी ठेवलं नाही, असं सांगता आलं पाहिजे. अशा अर्थाचं तो बोलला. २० फेब्रुवारी १९६२ ला ग्लेन तीन फेऱ्या मारून सुखरूप परत आला.

मंडळी, आपण भारतात आई-वडिलांना फोन करतो तेव्हा काय बोलतो, आठवून बघा. ‘इकडे सगळं मजेत.’ नोकरी गेलेली असते तरी मजेत. तिकडून आईही सांगते, ‘आम्ही मजेत,’ आणि बाबा त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये असतात. एकमेकांवरच्या मायेपोटी आपण असं बोलतो, त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण गुंटरची ही पद्धत वाचल्यापासून मी मनाशी तोलून बघतो: कुठली हमी आपल्या हातातली आहे आणि कुठली नाही? ‘तुम्हाला काही होणार नाही’ हे आपल्या हातात नाही. ‘कळवलंत की पहिल्या विमानाने निघेन’ हे आहे. दुसरं वाक्य पहिल्याइतकं गोड लागत नाही. पण त्यावर माणसाला उभं राहता येतं.

गुंटर स्वतः बायको आणि तीन मुलींचा संसार सांभाळणारा माणूस होता. सेंट लुईसहून हा संसार फ्लॉरिडात केपजवळ हलला, आणि केपजवळच तो शेवटपर्यंत राहिला. मासेमारीचा आणि समुद्रात डुबकी मारायचा त्याला शौक. ज्यांना तो यानात बसवायचा ती माणसंही त्याच वयाची, मुलाबाळांची. ज्याचे पट्टे आपण आवळतो आहोत त्याच्या घरी कोण वाट बघतंय हे माहीत असलं, की बोल्ट आवळणारा हात वेगळा चालतो. कुठल्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नसतं.

मधला खंड

आता तो महागात पडलेला खंड. मर्क्युरी आणि जेमिनी ही यानं मॅकडॉनलने बनवली होती. अपोलो यानाचं कंत्राट मात्र नॉर्थ अमेरिकन या दुसऱ्या कंपनीला मिळालं. यान बदललं, कंपनी बदलली, म्हणून पॅडवरची माणसंही बदलली. गुंटर बाहेर.

२७ जानेवारी १९६७. केपवरचा ३४ नंबरचा पॅड. उड्डाण नव्हतं, नुसती रंगीत तालीम होती. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी आत. यानात शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला. कुठेतरी ठिणगी पडली. दार आतल्या बाजूला उघडणारं. आतला दाब वाढल्यावर दहा माणसांनीही ते ओढता आलं नसतं. बाहेरच्या टेक्निशियनांनी धुरात, गुदमरत, जिवावर उदार होऊन दाराची आवरणं काढली. त्याला सुमारे पाच मिनिटं लागली. तोवर तिघंही गेले होते. तिघांच्या घरी मिळून सहा मुलं होती.

गुंटर असता तर हे टळलं असतं का? माझं इंजिनियरी उत्तर असं, की नाही. ऑक्सिजन, दाब, जळणारं सामान आणि आत उघडणारं दार, हे सगळं कागदावर आधीच ठरलेलं होतं. पॅड लीडर कितीही खमक्या असला तरी डिझाइनमधली चूक पान्याने आवळून सुटत नाही. शिवाय त्या दिवशी पॅडवर असलेल्या माणसांनी जे धैर्य दाखवलं, त्यापुढे मान तुकवावी लागते. गुंटरच्या कौतुकात त्यांना कमी लेखणं बरोबर होणार नाही.

पण अंतराळवीरांच्या मनात हिशेब वेगळा होता. पुढच्या मोहिमेचा, ‘अपोलो ७’ चा कमांडर होता वॉली शिर्रा. तोच, ज्याच्या इंजिनात टोपण राहिलं होतं. त्याने हट्टच धरला की गुंटरला परत आणा. डीक स्लेटनने कंपनीच्या वरिष्ठांकडे शब्द टाकला. नॉर्थ अमेरिकनने गुंटरला घेतलं. आधी त्याला रात्रपाळी दिली होती. उड्डाणाच्या वेळी तो हजर असावा म्हणून शिर्राने तीही बदलून घेतली! ११ ऑक्टोबर १९६८ ला ‘अपोलो ७’ सुटलं ते त्याच ३४ नंबरच्या पॅडवरून, जिथे एकवीस महिन्यांपूर्वी तिघं गेले होते. दार आता नवीन होतं, बाहेर उघडणारं, काही सेकंदांत सुटणारं. लावायला गुंटर.

त्या वेळचा एक विनोद प्रसिद्ध आहे. दार बंद झालं, खिडकीतून गुंटरचा चेहरा दिसेनासा झाला, तेव्हा आतला डॉन आयझली गुंटरच्या जर्मन ढंगात म्हणाला, ‘आय व्हंडर व्हेअर गुंटर व्हेंट!’ आडनाव वेंट आणि ‘गेला’ यालाही वेंट. ही कोटी १९९५ च्या ‘अपोलो १३’ सिनेमातही आहे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा कान देऊन ऐका.

टिंगलटवाळी

माणूस शिस्तीचा, पण कोरडा नव्हे. त्याला थट्टेने पॅडचा ‘फ्यूरर’ म्हणत. गुंटरचा पूर्वेतिहास बघता ही थट्टा टोकदार होती, पण गुंटर ती हसून घ्यायचा. गुंटरशी जमवून घेणं अगदी सोपं आहे, तो म्हणेल त्याला फक्त हो म्हणायचं, असं पीट कॉनरॅड सांगे. शेपर्डला गुंटरने एकदा चिडवलं म्हणतात, की फार कुरकुर केलीस तर केळ्यांवर काम करणारा दुसरा गडी आहे आमच्याकडे. म्हणजे शेपर्डच्या आधी जाऊन आलेला चिंपांझी. त्यावर शेपर्डने ॲशट्रे फेकून मारला, असा किस्सा आहे. हाच शेपर्ड १९७१ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी चंद्रावर निघाला, तेव्हा म्हातारपणाचा आधार म्हणून गुंटरने त्याला व्हाइट रूममध्ये काठी भेट दिली.

१६ जुलै १९६९ ला, ‘अपोलो ११’ च्या दिवशी, गुंटरने नील आर्मस्ट्राँगला थर्मोकोलची, वरून चांदीचा कागद लावलेली चंद्राची किल्ली दिली. आर्मस्ट्राँगने त्याला ‘अंतराळ टॅक्सी’चं तिकीट दिलं, कुठल्याही दोन ग्रहांमधल्या प्रवासाला चालणारं. कॉलिन्सने फळीवर ठोकलेला एक चिमुकला ट्राउट मासा दिला, गुंटरच्या मासेमारीच्या बढायांवर उतारा म्हणून. चंद्रावर जायला निघालेली माणसं शेवटच्या क्षणी असली पोरकट देवाणघेवाण का करत असतील? मला वाटतं, आपण एअरपोर्टवर आईला निरोप देताना ‘बॅगेत लोणचं फुटलं तर मला सांगू नकोस’ असलं काहीतरी बोलतो, त्याच कारणासाठी.

गुंटर १९८९ मध्ये निवृत्त झाला. पण एक भेट राहिली होती. ग्रिसमचं ते ‘लिबर्टी बेल ७’ समुद्रात उतरल्यावर त्याचं दार अचानक उडालं होतं आणि यान बुडालं होतं. ग्रिसम वाचला, पण दार त्यानेच घाबरून उडवलं असं लोक बोलत राहिले. पुढे १९६२ मध्ये शिर्राने आपल्या यानाचं दार मुद्दाम खटका दाबून उडवलं, तेव्हा त्याच्या हाताला मार लागला. ग्रिसमच्या हाताला तसली खूण नव्हती. तरी कुजबुज काही पुरती थांबली नाही. जुलै १९९९ मध्ये सुमारे पाच किलोमीटर खोल समुद्रातून ते यान वर काढलं, तेव्हा जहाजावर पंचाहत्तर वर्षांचा गुंटर हजर होता. अडतीस वर्षांपूर्वी आपण मित्राला ज्यात बसवून दिलं ते यान गंजलेलं, चिखल भरलेलं त्याने परत येताना पाहिलं. यान मिळालं, दार मात्र मिळालं नाही. मित्र तर कधीच गेला होता.

आपल्या घरातले गुंटर

हे सगळं अमेरिकेचंच कौतुक झालं असं वाटायला नको. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळात थुंब्याहून भारतातलं पहिलं रॉकेट सुटलं. तिथलं चर्च हेच ऑफिस आणि बिशपचं घर हेच वर्कशॉप होतं, रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. विक्रम साराभाई, अब्दुल कलाम ही नावं घराघरांत आहेत. आपले वसंतराव गोवारीकर तिथल्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते, घन इंधनावरचं त्यांचं काम मराठी माणसाने अभिमानाने सांगावं असं आहे. पण ते इंधन कालवणारे, साच्यात ओतणारे, एक ठिणगी पडली तर संपलो हे माहीत असून रोज कामावर जाणारे हात कोणाचे? २००४ च्या फेब्रुवारीत श्रीहरिकोट्याला घन इंधनाच्या इमारतीत आग लागून सहा माणसं गेली. त्यातलं एकही नाव आपल्याला पाठ नाही.

हा विषय आत्ताच घ्यायला एक कारण घडलं. आमच्या गावातल्या एका मराठी घरातला मुलगा, अभ्यासात चांगला, बारावीनंतर म्हणाला की मला चार वर्षांची डिग्री नको, विमान-मेकॅनिकचं लायसन्स घ्यायचंय. घरात सुतक असल्यासारखं झालं. गणपतीच्या पॉटलकला त्याची आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, ‘भाऊ, तुम्ही इंजिनियर आहात, तुम्ही समजवा त्याला. तिकडे सासूबाईंना काय सांगू? मेकॅनिक झाला म्हणून?’

मी त्या मुलाशी तासभर बोललो. त्याने मला इंजिनाच्या ब्लेडवरचा केसाएवढा तडा कसा शोधतात ते समजावलं. समजवायला गेलो होतो मी आणि समजून आलो मीच. पुढे काय करायचं ते तो आणि त्याचे आई-वडील बघतील, त्यात मी पडणार नाही. पगार, तब्येत, रात्रपाळ्या, हे सगळे खरे प्रश्न आहेत आणि आईने ते विचारलेच पाहिजेत. पण ‘सासूबाईंना काय सांगू’ हा त्यांतला प्रश्न नव्हे. वहिनींना मी एवढंच म्हटलं, की पुढच्या डिसेंबरात तुम्ही सगळे जेव्हा मुंबईच्या विमानात बसाल, तेव्हा त्याखाली रात्रभर बॅटरी घेऊन जो कोणी वाकला असेल, तो आपल्या अमोघसारखा... नाव राहू दे, आपल्या पोरासारखा चौकस असावा असंच तुम्हाला वाटेल ना? त्या काही बोलल्या नाहीत. पुरणपोळीचा डबा मात्र भरून दिला.

दार लावून झालं, की गुंटर आणि त्याची माणसं लिफ्टने खाली उतरत आणि काही मैल लांब जात. व्हाइट रूमचा तो आडवा हात रॉकेटपासून बाजूला वळे. म्हणूनच उड्डाणाच्या कुठल्याही फोटोत गुंटर दिसत नाही. आजही माणसं त्याच केपवरून जातात, आता काळ्या पोशाखातली मंडळी दार लावतात, आणि जाणारे आत शिरण्यापूर्वी त्यांच्याशी दोन शब्द बोलतात.

तुमच्या घरात, नात्यात कोणी फिटर, टर्नर, वेल्डर, लाइनमन, मेकॅनिक असेल, अंबरनाथच्या कारखान्यातला, भुसावळच्या लोको शेडमधला किंवा इथलाच, तर त्यांच्याबद्दल चार ओळी लिहून संपादकांकडे जरूर पाठवा. त्यांनी काय बनवलं, काय दुरुस्त केलं, आणि कधी कोणाला ‘थांबा, हे सरळ नाही’ म्हणाले, एवढं लिहिलंत तरी पुरे. पुढच्या अंकात या सदराची जागा त्यांना देऊ.